हप्त्याचं घर

माझ्या बापानं १९८० साली मुंबईत एक खोली विकत घेतली होती. खोली म्हणजे दहा बाय बाराची, पत्र्याची, नाल्याच्या काठावरची. भाव ठरला सहा हजार. दोन हजार रोख दिले, त्यात आईची बोरमाळ गेली. बाकीचे चार हजार महिन्याला शंभरप्रमाणं चाळीस महिन्यांत फेडायचे. स्टॅम्पपेपरवर करार झाला. बापानं अंगठा नाही, सही केली. त्याला सहीचा फार अभिमान होता. पण कागद राहिला विकणाऱ्याच्या ट्रंकेत. शेवटचा हप्ता दिलास की कागद तुझ्या हातात, असं तो म्हणाला.

बाप गिरणीत रिंग खात्यात होता. त्याचा बापही रिंग खात्यातच. विणखात्यात धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून आपल्या माणसांना तिथं उभं करत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनपुढं मांडला होता, तो आपल्याला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि आमच्या घरातला पगार थांबला. तोवर चोवीस हप्ते गेले होते. दोन हजार आणि चोवीसशे, म्हणजे चार हजार चारशे. बाकी राहिले सोळाशे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे तीन हप्ते तटले. एप्रिलात चार माणसं आली. भांडी बाहेर, गोधड्या बाहेर, बाबासाहेबांचा फोटो बाहेर. बाप म्हणाला, अरे, चार हजार चारशे दिलेत मी. विकणारा म्हणाला, ते भाडं झालं.

आई मधी पडली. म्हणाली, भाडं होतं तर पावसाळ्याआधी पत्रे आम्ही का बदलले? नळाचे पैसे आम्ही का भरले? ह्याला कुणी उत्तर दिलं नाही. आठ दिवसांत तीच खोली दुसऱ्या कुटुंबाला विकली गेली. तेही आपलेच, मराठवाड्यातून आलेले. त्यांच्याकडूनही दोन हजार रोख.

पुष्कळ वर्षं मला वाटायचं, ही एका गुंडाची गोष्ट आहे. मुंबईची गोष्ट आहे. नंतर मी शिकागोच्या लॉन्डेल वस्तीचा इतिहास वाचला आणि हादरलो. 'ते भाडं झालं' हे वाक्य तिथं चार दांडग्यांनी नाही, कोर्टानं म्हटलं होतं. हजारो वेळा. आणि त्याच्याशी लढणारे लोक होते काळे.

आपण १९७२ साली पँथर हे नाव त्यांच्याकडून घेतलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले. १९४६ साली त्यांनी निग्रो नेते विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून युनोकडे द्यायच्या त्यांच्या अर्जाची चौकशी केली. नातं जुनं आहे. पण आपण त्यांची बंदूक वाचली, काळा कोट वाचला, कविता वाचली. त्यांची घराची लढाई वाचली नाही. म्हणून हा लेख.

लाल शाईचा नकाशा

पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेकडचे काळे लोक उत्तरेकडच्या शहरांत यायला लागले. कापसाच्या शेतावरची वाटेकरी, न फिटणारं कर्ज, झाडाला लटकवणं, ह्या सगळ्याला कंटाळून आले. आपले लोक गाव सोडून मुंबईला का आले ते आठवा, म्हणजे जास्त सांगायला नको. १९४० साली शिकागोत काळ्यांची वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास होती. १९६० साली ती आठ लाखांवर गेली.

माणसं वाढली, पण राहायची जागा वाढू दिली नाही. गोरे मालक आपापसांत करार करत की आपल्या गल्लीतलं घर काळ्याला विकायचं नाही. १९४८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असे करार कोर्टं राबवणार नाहीत. पण त्याहून मोठी भिंत सरकारनंच बांधून ठेवली होती. १९३४ साली गृहकर्जाला हमी देणारं सरकारी खातं निघालं. हमी मिळाली की बँक थोड्या व्याजानं, लांब मुदतीनं कर्ज देई. गोरा कामगार ह्याच कर्जावर घराचा मालक झाला. मात्र काळ्यांची वस्ती 'धोक्याची' म्हणून धरली जाई. सरकारी नकाशांवर असे भाग लाल रंगवलेले असत. काळं एक कुटुंब आलं तरी वस्ती घसरली असं धरायचं. लाल भागात हमी नाही, म्हणून बँक नाही, म्हणून कर्ज नाही.

आपल्याकडं गावकुसाबाहेरची जागा ठरवायला नकाशा लागला नाही. तिथं लागला. फरक एवढाच.

ह्या भिंतीला एक भोक ठेवलं होतं आणि त्या भोकाशी दलाल बसला होता. तो गोऱ्यांच्या गल्लीत जाई, काळे येतायत अशी हूल उठवी. एखाद्या काळ्या बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत त्या रस्त्यानं फिरवी. घाबरलेला गोरा पडत्या भावात घर विकून उपनगरात पळे. तेच घर दलाल काळ्याला दुप्पट भावानं देई. १९६२ साली अशाच एका दलालानं टोपणनावानं आपल्या धंद्याची कबुली एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात छापली होती. लॉन्डेल वस्ती अशीच उलटली. १९५० साली तिथं बहुसंख्य गोरे, त्यातले पुष्कळ ज्यू. दहा वर्षांत, १९६० ला, वस्तीत शंभरातले नव्वदच्या वर काळे.

मालकाचा बोजा, कुळाहून कमी हक्क

आता मुद्द्यावर येतो. काळ्याला बँक कर्ज देत नव्हती, तर तो घर घेत कसा होता? विकणाऱ्याकडूनच उधारीवर. आपण ज्याला साठेखत म्हणतो, तसला करार. ताबा आत्ता, खरेदीखत शेवटी. थोडे पैसे रोख, बाकीचे दरमहा हप्त्यानं, व्याजासकट, पंधरा-वीस वर्षं. तिथं त्याला नुसतं 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणत. कॉन्ट्रॅक्टवर घर घेतलं, असं बोलत.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ ह्यात आहे.

बँकेच्या गहाणात घर पहिल्या दिवसापासून घेणाऱ्याच्या नावावर असतं. जेवढं फेडलं तेवढा त्याचा हिस्सा वाढत जातो. हप्ते तटले तर बँकेला कोर्टात जाऊन गहाणाची वसुली लावावी लागते, लिलाव होतो, गहाण सोडवून घ्यायला मुदत मिळते, कर्ज भागून उरलं तर उरलेलं घरवाल्याचं. कॉन्ट्रॅक्टमध्ये ह्यातलं काहीच नाही. शेवटचा हप्ता देईपर्यंत घर विकणाऱ्याचंच. मधला कुठलाही हिस्सा घेणाऱ्याचा नाही. दहा वर्षं भरा, बारा वर्षं भरा, एक हप्ता चुकला की करार रद्द. दिलेले सगळे पैसे जप्त.

मग घराबाहेर काढायचं कसं? त्यासाठी इलिनॉय राज्यात एक झटपट कायदा होता, भाडेकरूला हुसकण्यासाठी केलेला. विकणारा नोटीस देई आणि मुदत संपली की ताब्याचा दावा लावी. कोर्ट एवढंच विचारी: हप्ता भरला का? नाही? मग ताबा द्या. किंमत खरी होती का, फसवून सही घेतली का, आजवर किती भरलंय, हे विचारायची त्या कोर्टात सोयच नव्हती. ज्यानं घर विकत घेतलं, त्याला काढताना कायद्यानं त्याला भाडेकरू ठरवलं.

पण छप्पर गळलं तर? तेव्हा तो मालक. बॉयलर फुटला, नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरनं नोटीस लावली, कर वाढला, विमा भरायचा आला, तेव्हा तो मालक. भाडेकरूला निदान घरमालकाकडं दुरुस्ती मागता येते. ह्याला तेही नाही. मालकाचा सगळा बोजा, आणि हक्क भाडेकरूपेक्षा कमी. माझ्या आईनं पत्र्यांचा जो सवाल केला तो हाच. शाळेत न गेलेल्या बाईला जे दिसलं ते त्या राज्याच्या कोर्टांना दिसायला १९७० उजाडलं.

आणखी एक गंमत पाहा. जी बँक काळ्याला कर्ज देत नव्हती, ती त्याच घरावर विकणाऱ्याला कर्ज देत होती. म्हणजे घर चांगलं होतं, तारण चांगलं होतं. नको होता तो फक्त माणूस.

क्लाइड रॉस

एका माणसाची गोष्ट सांगतो. क्लाइड रॉस मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेलचा. त्याच्या बापाची स्वतःची जमीन होती, जनावरं होती. तीन हजार डॉलर कर थकलाय असं सांगून गोऱ्या अधिकाऱ्यांनी ती काढून घेतली आणि बाप वाटेकरी झाला. रॉस फौजेत गेला, परत आला, १९४७ ला शिकागोला आला. सूप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, लग्न, पोरं. १९६१ साली लॉन्डेलमध्ये घर घेतलं, साडेसत्तावीस हजार डॉलरला. विकणाऱ्यानं तेच घर सहा महिन्यांपूर्वी बारा हजाराला घेतलं होतं.

घेतल्यावर थोड्याच दिवसांत बॉयलर गेला. रॉसनं विकणाऱ्याला सांगायचं ठरवलं, तर कळलं की दुरुस्ती आपलीच. घर मात्र आपलं नाही. मग कारखान्यातून सुटल्यावर टपालखात्यात दुसरी नोकरी, त्यावर पिझ्झा पोचवायची तिसरी. बायकोही कामावर. पोरांना बाप दिसेना.

असं एक घर नाही, हजारो. १९५० ते १९६९ या वीस वर्षांत शिकागोत काळ्या कुटुंबांनी जी घरं घेतली त्यांतली शेकडा ७५ ते ९५ कॉन्ट्रॅक्टवर होती, असा हिशोब विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी २०१९ साली मांडला. विकणाऱ्यानं ज्या भावात घर घेतलं त्यावर सरासरी ८४ टक्के चढवून ते दिलं होतं. ह्या वीस वर्षांत काळ्या समाजाच्या खिशातून त्या अभ्यासाच्या वेळच्या भावानं तीन ते चार अब्ज डॉलर गेले. हे चोरट्या बाजारात नाही झालं. स्टॅम्प लावून, सह्या घेऊन, कोर्टाच्या साक्षीनं झालं.

आणि वस्तीचं काय झालं? हप्ता भरण्यासाठी माणसं घरात पोटभाडेकरू घ्यायला लागली, एका घराची तीन घरं केली. दुरुस्तीला पैसा नाही. आईबाप दोघं दोन-दोन नोकऱ्यांवर, पोरं रस्त्यावर. हप्ता चुकला की कुटुंब बाहेर, नवं आत, पुन्हा रोख बयाणा, पुन्हा तेच. विकणाऱ्याला तर हप्ता चुकलेलाच बरा. घरं झिजली, गल्ल्या घाण झाल्या. मग गोरा उपनगरातून बोट दाखवून म्हणाला, बघा, ही माणसं जिथं जातात तिथं झोपडपट्टी करतात.

हे वाक्यही आपल्या ओळखीचं आहे.

ह्या लुटीविरुद्ध पहिल्यांदा बोलला एक ज्यू वकील, मार्क सॅटर. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तो अशा घरवाल्यांचे खटले लढवत होता, वर्तमानपत्रांत लिहीत होता, सभांत बोलत होता. विकणारे श्रीमंत झाले, सॅटर कर्जबाजारी झाला. १९६५ ला एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला. पुढं त्याच्या मुलीनं, बेरिल सॅटर ह्या इतिहासकार बाईनं, २००९ साली ह्या सगळ्यावर मोठं पुस्तक लिहिलं. सॅटर हरला तो एकटा होता म्हणून. एका घराचा एक खटला, असं करत लूट थांबत नसते.

बुधवारची सभा

१९६६ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग लॉन्डेलमध्येच पडक्या इमारतीत राहायला आले. मोर्चे निघाले, दगड खाल्ले. ते गेले, आणि वस्तीत हप्ते चालूच राहिले. मग १९६७ साली जॅक मॅकनमारा नावाचा, पाद्री होण्यासाठी शिकणारा एक तरुण तिथल्या प्रेझेंटेशन चर्चच्या आश्रयानं वस्तीत राहायला आला. बरोबर कॉलेजची पोरं. चर्चचे मुख्य फादर जॅक इगन हे जुने कार्यकर्ते. ही पोरं दारोदार फिरली. लोक रस्त्यावरच्या कचऱ्याबद्दल बोलत, घराबद्दल बोलत नसत. कॉन्ट्रॅक्टवर घर आहे हे सांगायची लाज वाटे. शेजाऱ्याला वाटे हा मालक, ह्याला वाटे तो मालक. फसलो तो मी एकटाच, असं प्रत्येकजण आपल्या घरात बसून समजत होता.

मित्रहो, ह्या लाजेवर थांबा जरा. माझा बाप खोली गेल्याचं कुणाला सांगत नसे. 'सोडली' म्हणायचा. लुटलेल्या माणसाला लाज वाटते आणि लुटणाऱ्याला वाटत नाही, ह्याच्यावर सगळी व्यवस्था उभी असते.

ती लाज फोडली रूथ वेल्स ह्या बाईनं. तिच्या खात्यावर विकणाऱ्यानं विम्याच्या नावाखाली १५०० डॉलर चढवले होते. ती विचारायला गेली. सोबत पोरांनी शोधलेली माहिती होती. ही माहिती कशी काढली ते कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावं: शहरातल्या मिळकतींच्या दप्तरात बसून एकेका घराची जुनी खरेदी किती, नवी विक्री किती, हे उतरून काढलं. विकणाऱ्यानं तिला उडवून लावलं. पण ती चर्चमधल्या सभेत उभी राहिली आणि आपल्या घराचे आकडे मोठ्यानं सांगितले. मग दुसरा उठला, तिसरा उठला. आकडे वेगळे, गोष्ट एकच. १९६८ च्या सुरुवातीला संघटना झाली. पुढं तिचं नाव पडलं कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग. दर बुधवारी सभा. रॉस तिच्या पुढाऱ्यांपैकी एक झाला. एप्रिलात किंग यांचा खून झाला, लॉन्डेल पेटलं, पण बुधवारची सभा चुकली नाही.

त्यांची मागणी साधी होती. घराची वाजवी किंमत ठरवा, जास्तीचं वजा करा, करार नव्यानं लिहा. विकणारे ऐकेनात. मग हे लोक उपनगरात विकणाऱ्यांच्या दारात जाऊन फलक घेऊन उभे राहिले. शेजाऱ्यांच्या हातात पत्रकं दिली: तुमचा हा सज्जन शेजारी काय धंदा करतो ते वाचा. जी लाज घेणाऱ्याला वाटत होती ती उचलून विकणाऱ्याच्या दारात नेऊन टाकली.

सामान आत

तरी भागेना. तेव्हा १९६८ च्या डिसेंबरपासून हप्ते बंद. संप. पुढं तो वाढत वाढत पाचशेच्या वर कुटुंबांपर्यंत गेला. लॉन्डेलच्या जोडीला शहराच्या दक्षिण भागातले लोकही उतरले. त्यांना नवी बांधलेली घरं असल्याच करारांवर चढ्या भावानं विकली होती. हप्त्याचे पैसे कुणी उधळले नाहीत, बाजूला जमा ठेवले. पण कायद्यानं काय? हप्ता चुकला म्हणजे घर गेलं. प्रत्येक संपकरी आपलं छप्पर पणाला लावून बसला होता. कुणाची दहा वर्षं त्यात होती, कुणाची बारा.

ताब्याचे हुकूम निघाले. शेरीफची माणसं यायची, सामान फुटपाथवर टाकायची आणि निघून जायची. गल्ली गोळा व्हायची. खाट, कपाट, शेगडी, पोरांची दप्तरं पुन्हा आत. शेरीफ पुन्हा येई, सामान पुन्हा बाहेर. लोक पुन्हा आत ठेवीत. मग १९७० च्या सुरुवातीला ऐन थंडीत मोठा पोलीस बंदोबस्त आणून कुटुंबं काढली. घरात कुणी परत शिरू नये म्हणून पहारे बसवले. बर्फात ठेवलेल्या सामानाचे फोटो पेपरांत आले. ज्यांना कळत नव्हतं त्यांना कळलं की ह्या शहरात दहा वर्षं पैसे भरूनही माणूस फुटपाथवर येतो.

ह्याच शहरात, ह्याच पश्चिम भागात, ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे ब्लॅक पँथरचा एकवीस वर्षांचा पुढारी फ्रेड हॅम्प्टन झोपेत पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. आपल्याला हॅम्प्टन माहीत आहे. त्याच महिन्यात त्याच पोरांचे आईबाप घरातलं सामान वाचवत होते, हे माहीत नाही. दोन्ही लढाया एका शहरातल्या आहेत. मी एकीला मोठी आणि दुसरीला लहान म्हणत नाही.

कोर्टानं काय दिलं, काय नाही

लीगनं रस्ता सोडला नाही आणि कोर्टही सोडलं नाही. शहरातले नामांकित वकील फी न घेता उभे राहिले. दोन पातळ्यांवर लढाई झाली; दोन्हींतला फरक समजून घेण्यासारखा आहे.

पहिली, घरातून काढण्याची. १९७० साली इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टानं रोजवूड विरुद्ध फिशर ह्या खटल्यात निकाल दिला की कॉन्ट्रॅक्टवर घर घेणारा ताब्याच्या दाव्यातसुद्धा आपला बचाव मांडू शकतो. हा करारच अन्यायाचा आहे, फसवणुकीनं झाला आहे, हे त्याला सांगता येईल आणि कोर्टाला ऐकावं लागेल. 'हप्ता भरला का' एवढ्या एका सवालावर आता काम भागणार नव्हतं. दिसायला लहान निकाल. पण संप झाला नसता, सामान आत-बाहेर झालं नसतं, तर हा प्रश्न कोर्टापर्यंत गेलाच नसता. ह्या दबावाखाली कित्येक विकणाऱ्यांनी करार नव्यानं लिहून दिले, किमती उतरवल्या. लोकांची घरं वाचली.

आपल्याकडं हा प्रश्न जुना आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं काढून जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, आणि खतावर काय लिहिलंय त्याच्या मागं जाऊन खरा व्यवहार तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. खत जळल्याशिवाय खताच्या मागं जाता आलं नाही. शिकागोत हप्ता थांबल्याशिवाय कराराच्या मागं जाता आलं नाही.

दुसरी लढाई मोठी: हे सगळं आमच्या रंगामुळं झालं, असं कोर्टाकडून म्हणवून घ्यायची. गुलामगिरी संपल्यावर १८६६ साली एक कायदा झाला होता की मिळकत घेण्या-विकण्याचा गोऱ्याला जो हक्क आहे तोच काळ्याला आहे. शंभर वर्षं तो धूळ खात पडला होता. १९६८ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं तो जिवंत केला. १९६९ च्या जानेवारीत लीगनं त्याच कायद्याखाली दावे लावले. विकणारे म्हणाले, आम्ही भेद कुठं केला? गोऱ्याला आम्ही घरं विकतच नव्हतो. मग कुणाच्या तुलनेत भेद? न्यायाधीश ह्यूबर्ट विल यांनी हा बचाव फेटाळला. दुसऱ्यानं उभ्या केलेल्या भेदाच्या बाजारात जो नफा उकळतो तोही जबाबदार ठरू शकतो, म्हणून खटला चालेल, असं ते म्हणाले.

खटला चालला, वर्षानुवर्षं. लॉन्डेलचा दावा १९७६ साली ज्युरीपुढं हरला. ज्युरीला वाटलं, लूट झाली असेल, पण ही माणसं पैशाची भुकेली होती. गोरा सापडला असता तर त्यालाही असंच लुटलं असतं. रंगाचा संबंध नाही. दक्षिण भागातला दावा आधी बुडाला, १९७४ ला अपिलात वर आला, पुन्हा चालला आणि शेवटी १९८३ साली अपील कोर्टानं विकणाऱ्यांच्याच बाजूनं मिटवला.

'गोरा सापडला असता तर त्यालाही लुटलं असतं.' हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? आपल्या डाव्या मित्रांच्या तोंडून ऐकलंय: सावकार जात बघत नाही, तो नफा बघतो. मी म्हणतो, बरोबर. पण गोरा सापडला का नाही, हे विचारा की! तो सापडत नव्हता, कारण त्याला बँकेचा दरवाजा उघडा होता. काळ्याला बंद होता, आणि तो रंगानं बंद होता. दरवाजा जात बंद करते आणि दारात बसून पैसा मोजतो नफा. दोघांचा साझा आहे. ज्युरीनं पैसा मोजणारा हात पाहिला, दाराची कडी पाहिली नाही. आपणही कधी एक पाहतो, कधी दुसरं. भांडणं आपल्यात लागतात, घर तिसराच नेतो.

पुढं काय झालं

शेजारच्या इंडियाना राज्यात १९७३ साली स्केंडझेल विरुद्ध मार्शल हा खटला निघाला. छत्तीस हजारांचा करार, एकवीस हजार भरलेले, हप्ता तटल्यावर सगळं जप्त. तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, एवढं भरल्यावर जप्ती चालणार नाही. हा व्यवहार गहाणासारखा धरा, रीतसर वसुली लावा, घेणाऱ्याचा हिस्सा राखा. म्हणजे भरलेलं ते भाडं नव्हे, हे एका कोर्टानं स्वच्छ म्हटलं. इलिनॉयमध्ये १९८७ च्या जुलैपासून लागू झालेल्या कायद्यानं असं ठरलं की पाच वर्षांहून लांब मुदतीच्या राहत्या घराच्या करारात मूळ किमतीच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा कमी बाकी असेल, तर विकणाऱ्याला गहाणाच्याच वाटेनं जावं लागेल. आपल्या भाषेत, पाचवा हिस्सा फिटला की झटपट हाकलणं बंद.

हे जिंकलं का? अर्धं जिंकलं. २००८ साली अमेरिकेत घरकर्जाचा फुगा फुटला, लाखो घरं बँकांनी जप्त केली. गुंतवणूकदार कंपन्यांनी ती पडीक घरं मातीमोलानं उचलली आणि पुन्हा त्याच कॉन्ट्रॅक्टवर गरिबांना विकली. त्यांत पुन्हा काळे पुष्कळ. पुन्हा गळकं छप्पर घेणाऱ्याचं, पुन्हा हप्ता चुकला की बाहेर. तेव्हा इलिनॉयनं आणखी एक कायदा केला, १ जानेवारी २०१८ पासूनचा. असे बरेच करार करणाऱ्या विकणाऱ्यानं करार नोंदवला पाहिजे, घराची खरी स्थिती लिहून दिली पाहिजे, हप्ता तटला तर भरून काढायला नव्वद दिवस दिले पाहिजेत. पन्नास वर्षांपूर्वी बुधवारच्या सभेत जे मागितलं, त्यातलं थोडं थोडं असं कायद्यात येत गेलं.

चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, हायकोर्टाचा निकाल १९३७ चा. बाबासाहेबांनी पाणी आधी प्यायलं, निकालाची वाट पाहिली नाही. पण निकालही सोडला नाही. लीगनं हेच केलं. सामान आत ठेवलं आणि दावाही चालवला.

आता आपल्या पोरांसाठी दोन गोष्टी, कारण वस्तीत आजही असे कागद होतात. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५४ सांगतं की नुसत्या साठेखतानं मिळकतीत कसलाच हक्क तयार होत नाही. त्याच कायद्याचं कलम ५३ अ सांगतं की लेखी करारावर ताबा घेतलेला, कराराप्रमाणं आपलं काम केलेला किंवा करायला तयार असलेला घेणारा असेल, तर विकणाऱ्याला त्याचा ताबा काढता येत नाही. ती ढाल आहे, तलवार नाही. आणि २००१ पासून ती ढालही करार नोंदवलेला असेल तरच हातात येते. कागद विकणाऱ्याच्या ट्रंकेत असेल तर ढाल त्याच्याच ट्रंकेत आहे. म्हणून वस्तीत सभा घ्याल तेव्हा भाषणानंतर एक सवाल विचारा: कुणाकुणाचं घर हप्त्यावर आहे? पहिल्या दिवशी कुणी हात वर करणार नाही. आठवड्यानं पुन्हा विचारा. तोवर दप्तरात जाऊन आकडे उतरून आणा.

बाप २००३ साली गेला. त्याच्या पेटीत हप्त्यांच्या चोवीस चिठ्ठ्या निघाल्या. विकणाऱ्यानं पावती कधी दिली नव्हती. बापानंच दर महिन्याला सिगारेटच्या पाकिटाच्या मागं तारीख आणि शंभर रुपये लिहून खाली स्वतःची सही केली होती. कोर्टात त्या चालल्या नसत्या. पण त्यानं त्या ठेवल्या, कारण त्याला ठाऊक होतं की ते भाडं नव्हतं.

जयभीम.